पुडीतले मथळे

वाचकहो, सभेला आलात म्हणजे शेंगदाण्याची पुडी घेतली असणारच. शेंगदाणे खुशाल खा, पण खाऊन झाल्यावर पुडी फेकू नका. ती उलगडा आणि वाचा. शेंगदाणे सगळ्या सभांना सारखेच असतात, पुडी मात्र दर वेळी निराळी. एखाद्या पुडीत अर्धा मंत्री निघतो, एखाद्या पुडीत पाऊण अपघात. आणि वरच्या कडेला, मिठाने जरा खारावलेला, एखादा भला ठसठशीत मथळा असतो : अमुक प्रश्न कायमचा निकालात! अमुक म्हणजे कोणता, तो तुकडा नेमका दुसऱ्याच्या पुडीत गेलेला असतो.

आम्हाला पुड्या वाचण्याची फार जुनी खोड आहे. ताजे वर्तमानपत्र वाचले की माणूस चिडतो आणि जुने वाचले की हसतो, असा आमचा अनुभव. कारण उघड आहे. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक असते. मथळा लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. रात्रीची वेळ, यंत्र खोळंबलेले, छापखान्याचा फोरमन डोक्यावर उभा, आणि बातमी अजून पुरती पिकलेली नाही. मग तो ती कच्चीच तोडतो आणि आढीत न घालता बाजारात पाठवतो. आंबा असा विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आणून तोंडावर मारते. मथळा कोण परत आणून देणार?

आज अशा काही मथळ्यांची आणि त्यांनी पुढे काय काय केले त्याची गोष्ट सांगायची आहे. हसण्यासाठी सांगतो आहोत, हे कबूल. पण हसता हसता एक ध्यानात ठेवा. "संपले", "ठरले", "झाले" हे शब्द ज्या मथळ्यात दिसतील, त्याचे पुढे काय होते ते पाहत चला. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे शब्द जवळजवळ सत्तर वर्षे ऐकवले जात आहेत.

खिळे जुळवणाऱ्यांशी भांडण

पहिली गोष्ट लांबची, अमेरिकेतली. १९४८ साली तिथे अध्यक्षाची निवडणूक होती. गादीवर होते हॅरी ट्रुमन आणि त्यांच्यासमोर उभे होते न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई. ट्रुमन पडणार, हे सगळ्या शहाण्यांनी ठरवून टाकले होते. इतके पक्के ठरवले होते की एल्मो रोपर नावाच्या नामांकित मतचाचणीवाल्याने सप्टेंबरातच आपली मोजणी आवरती घेतली. मतदान होते नोव्हेंबरात! लग्नाला दोन महिने असताना वऱ्हाडाने जेवून हात धुवावेत, तसला हा प्रकार.

शिकागोचे 'डेली ट्रिब्यून' हे ट्रुमनच्या कडव्या विरोधकांतले. त्याच्या छापखान्यात त्या वेळी आणखी एक भानगड चालू होती. खिळे जुळवणारे कामगार १९४७ च्या नोव्हेंबरपासून संपावर होते. मालकांनी तोड काढली. मजकूर टाइपरायटरवर टाइप करायचा, त्याचे ब्लॉक करायचे आणि त्यावरून छापायचे. कामगारांवाचून अडत नाही, हे दाखवून झाले. पण या खटाटोपाला वेळ फार लागे, म्हणून अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छापायला सोडावा लागे. मतमोजणीच्या रात्रीही तेच झाले. निकाल यायचे होते, मुदत मात्र भरली. पत्राच्या वॉशिंग्टनच्या जुन्याजाणत्या बातमीदाराने सांगितले, ड्यूईच येणार. मग काय विचारता! ३ नोव्हेंबर १९४८ च्या अंकावर पानभर मथळा चढला : ड्यूईने ट्रुमनला हरवले.

रात्र चढली तशी मते फिरू लागली. पुढच्या आवृत्तीत मथळा बदलला. माणसे धाडून आधीचे अंक गोळा करायची धावपळ झाली. पण दीड लाख प्रती छापून झाल्या होत्या. दीड लाख पाखरे पिंजऱ्यात परत कशी यायची? शेवटी ट्रुमनना प्रतिनिधींची ३०३ मते पडली, ड्यूईंना १८९. दुसऱ्या दिवशी ट्रुमन आगगाडीने वॉशिंग्टनला निघाले असता सेंट लुईच्या स्टेशनावर तो अंक त्यांच्या हाती आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि तोंडभर हसले. तो फोटो जगभर गेला. ड्यूई कोण होते ते आज फारसे कोणाला आठवत नाही, मथळा मात्र आठवतो.

आम्हाला यातली खरी गंमत वाटते ती कामगारांची. गिरणगावाने पोसलेल्या चळवळीला ती वाटायचीच. ज्यांच्या बोटांनी अक्षर उभे राहते त्यांच्याशी मालकाने दावा मांडला, आणि अक्षरानेच मालकाचे जन्माचे हसे केले.

एकोणपन्नास वर्षांनी दिलगिरी

दुसरी गोष्टही अमेरिकेतलीच. रॉबर्ट गोडार्ड नावाचे एक प्राध्यापक होते. फार उंच जाईल असे अग्निबाण कसे बनवता येतील, यावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि १९२० च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. असा बाण पुढे चंद्रापर्यंतसुद्धा पोचू शकेल, असे त्यात होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखकाला हे काही रुचले नाही. १३ जानेवारी १९२० च्या अंकात त्याने प्राध्यापकांचा कान धरला. वर हवा नाही, मग बाण कशाला रेटा देऊन पुढे जाणार? शाळेतल्या पोरांना रोज शिकवतात तेवढेही ज्ञान या गृहस्थांना नाही, असा एकूण भाव.

गोडार्ड वाद घालत बसले नाहीत. ते बाण करीत बसले. १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रवरूप इंधनावर चालणारा जगातला पहिला अग्निबाण उडवला. १९४५ साली ते वारले. पुढे १६ जुलै १९६९ रोजी अमेरिकेचे तीन वीर चंद्राकडे निघाले, आणि दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'ने एक बारीकशी दुरुस्ती छापली. हवा नसली तरी अग्निबाण चालतो हे आता पक्के झाले आहे, झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत, अशा अर्थाची. माणसे अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा वाट असल्याचे पत्राने मान्य केले!

एकोणपन्नास वर्षे! पण वाचकहो, आम्ही त्या पत्राला हसतो तसे त्याला एक रामरामही घालतो. चूक कबूल तरी केली. आपल्याकडे काही चुका अशा आहेत की त्या सत्तरीला आल्या तरी दुरुस्तीची चौकट छापायला कोणाला जागा सापडत नाही. त्या चुकांकडे येऊच. आधी घरातली एक जुनी गोष्ट ऐका.

मथळा मराठी, न्याय इंग्रजी

आतापर्यंतचे दोन्ही मथळे खोटे ठरले आणि छापणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. आता खऱ्या ठरलेल्या मथळ्याचे काय होते ते पाहा.

१९०८ सालच्या एप्रिलअखेर मुझफ्फरपुरला बाँब फुटला. सरकार बिथरले. जूनच्या ८ तारखेला त्याने एकाच दिवशी दोन कायदे केले, एक स्फोटक पदार्थांवर आणि एक वर्तमानपत्रांवर. सरकारच्या लेखी दोन्ही माल एकाच वखारीतला. लोकमान्यांनी दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या 'केसरी'त, अग्रलेख लिहिला. मथळा होता : हे उपाय टिकाऊ नाहीत. त्याआधी १२ मेला 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख येऊन गेला होता. २४ जूनला टिळकांना मुंबईत पकडले आणि १३ जुलैला हायकोर्टात खटला उभा राहिला.

आता मौज पाहा. लेख मराठीत. वाचणारे मराठी. लिहिणारा मराठी. आणि न्याय करायला बसलेल्या नऊ ज्यूरर्सपैकी सात युरोपियन, दोन पारशी. त्यांच्यापुढे ठेवले होते ते सरकारी भाषांतर. म्हणजे टिळकांनी लिहिले एक, ज्यूरीने वाचले दुसरे, आणि शिक्षा द्यायची तिसऱ्यालाच! टिळकांनी आपला खटला आपणच चालवला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. हा शब्द असा नाही, या वाक्याचा भाव असा नाही, हे भाषांतर मूळ लेखाशी इमान राखत नाही, हे तासन् तास बजावून सांगितले. कोर्टात शब्दकोश उघडले गेले. आपली भाषा न कळणाऱ्यांनी आपला न्याय करणे म्हणजे काय असते, हे भाषिक राज्याची मागणी करणाऱ्यांच्या कितीतरी आधी त्या कोर्टाने दाखवून दिले.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. टिळक मंडालेला गेले, तिथे 'गीतारहस्य' लिहिले, आणि १९१४ साली परत आले.

मथळ्याचे काय झाले? तो खरा ठरला. ते उपाय टिकले नाहीत, ते उपाय करणारेही टिकले नाहीत. पुढे १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीत, त्याच हायकोर्टाच्या त्याच दालनाबाहेर टिळकांचे कोर्टातले उद्गार कोरलेली शिळा लावली. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते ती उघडली गेली. अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना, न्यायाच्या मंदिराने आपल्याच भिंतीवर दुरुस्ती छापली म्हणायची.

पण साल लक्षात ठेवा, १९५६. आत दालनाबाहेर शिळा लागत होती आणि बाहेर त्याच मुंबईत मराठी माणूस आपले राज्य मागत लाठ्यागोळ्या खात होता.

पाच हजार वर्षांचा हिशेब

त्या दिवसांतली वर्तमानपत्रे आज उघडून बसलो की हसावे की रडावे कळत नाही. राज्याचा निर्णय म्हणजे म्युनिसिपालिटीचा नळ झाला होता. कधी येईल, कधी जाईल, नेम नाही. हिशेबच मांडून दाखवतो.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला. मराठी-गुजराती मिळून मुंबईचे एक द्वैभाषिक आणि विदर्भ निराळा. हा पहिला निर्णय. नोव्हेंबरात काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांची योजना काढली. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळे. हा दुसरा. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले, मुंबई केंद्राच्या ताब्यात. हा तिसरा. ऑगस्टात पुन्हा पालटले आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळ्यांना एका दावणीला बांधून थोरले द्वैभाषिक झाले. हा चौथा. एका वर्षाच्या आसपास चार निर्णय, आणि प्रत्येकाचा थाट असा की आता यावर ब्रह्मदेवाचीसुद्धा लेखणी चालायची नाही!

याच काळात २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर ती प्रसिद्ध सभा झाली. पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे स. का. पाटील बोलले. काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही, असे मोरारजीभाई बोलले. सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या नोव्हेंबरपासून पुढे आंदोलन संपेपर्यंत शंभरावर माणसे गेली. त्यांच्यात गिरणी कामगार होते, शाळेत जाणारी पोरे होती. ही पाने हसत हसत उलटता येत नाहीत, इथे हात थांबतोच.

पण थांबून पुन्हा हिशेब करू. २० नोव्हेंबर १९५५ पासून १ मे १९६० पर्यंत किती होतात? चार वर्षे, पाच महिने आणि काही दिवस. पाच हजार वर्षांचे काम लोकांनी साडेचार वर्षांच्या आत उरकले. आणि मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी काँग्रेस जिवंत होती की नाही? चांगली धडधाकट होती. नव्या राज्याच्या मुख्य मंत्र्यांच्या खुर्चीवर तीच बसली होती!

हे कशाने झाले? दिल्लीतल्या कोणाचे मन एका रात्रीत पालटले असे नाही. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. समिती उभी राहिली. आपली बाजू मांडायला हक्काचे दैनिक हवे म्हणून आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा' काढला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने मतपेटीतून उत्तर दिले. मथळे वरून येत होते, त्यांना उत्तर खालून गेले.

आमच्याच पुडीतले

इथवर वाचून टाळ्या वाजवल्या असतील, तर हात जरा आवरा. दुसऱ्याचे कच्चे आंबे मोजून झाले, आता आमची आढी उघडू.

आमची घोषणा काय होती? मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! १ मे १९६० ला काय झाले? मुंबई आली. बेळगाव आले नाही. कारवार आले नाही. निपाणी, बिदर, भालकी आली नाही. आणि आम्ही काय म्हटले? संयुक्त महाराष्ट्र झाला! पेढे वाटले, गुलाल उधळला, दिवे लावले. आनंद खोटा नव्हता, मोठे काम झालेच होते. पण घोषणेतले "झालाच पाहिजे" जाऊन तिथे "झाला" आले. शब्द दोनाचा एक झाला, एवढेच. त्या एका शब्दाखाली शेकडो गावे गाडली गेली. शिकागोच्या ट्रिब्यूनला दीड लाख अंकांची लाज वाटली असेल, तर आमच्या त्या एका "झाला"ची आम्हालाही वाटली पाहिजे. मोजणी पुरी व्हायच्या आत आम्हीही पान सोडले होते.

दुसरी कबुली गोव्याची. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि आम्ही मनातल्या मनात मथळा जुळवून ठेवला : गोवा महाराष्ट्रात! १६ जानेवारी १९६७ ला तिथे सार्वमत झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. जुळवलेले खिळे गपचूप खणात परत टाकावे लागले. आणखी मौज अशी की विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लढलेल्या पत्रांत 'राष्ट्रमत' होते, आणि ते निघत होते मराठीत! मराठी वाचणारा तो आपल्या बाजूचा, असे गृहीत धरून चालणाऱ्यांना मराठी पत्रानेच धडा दिला. आम्ही तो घेतला. गोव्याच्या लोकांनी मत दिले, ते आम्ही मानले. त्यांचे ते, आमचे आम्ही, आणि शेजारधर्म कायम.

गोव्याला विचारले, हे बरेच झाले. मग आमचा साधा प्रश्न एवढाच की बेळगावला कोणी विचारले?

तिसरी कबुली महाजन आयोगाची. सेनापती बापटांनी म्हातारपणी उपोषण मांडले आणि १९६६ साली केंद्राने न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोग आम्हीच मागत होतो. मिळाला तेव्हा अर्धी लढाई जिंकल्यासारखे आम्ही हरखलो. १९६७ च्या ऑगस्टात अहवाल आला. निपाणी, खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्राला, अक्कलकोट धरून २४७ गावे कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने तो धरून ठेवला. पाहुणा येणार म्हणून आपणच पाट मांडावा, आणि पाहुण्याने येऊन आपल्यालाच पाटावरून उठवावे, अशी गत झाली.

बारीक टाइप

तेव्हापासून बेळगावचा प्रश्न "संपला", "मिटला", "इतिहासजमा झाला" असे किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. २०१२ साली बेळगावात विधानसौध उभे राहिले, तेव्हा संपला म्हणाले. २०१४ साली शहराचे नाव बदलून बेळगावी केले, तेव्हा संपला म्हणाले. ज्या समितीचे आमदार सीमाभागातून वर्षानुवर्षे निवडून येत होते, तिचा २०१८ ला एकही आला नाही आणि २०२३ लाही आला नाही. तेव्हा तर काहींनी तेराव्याचे जेवणसुद्धा ठरवले.

आम्ही डोळ्यांवर कातडे ओढून घेणार नाही. या दोन निवडणुकांत समिती हरली ती काही नुसती दुसऱ्याच्या ताकदीने हरली नाही. आपसात फूट पडली, एकाच्या विरुद्ध दुसरा उभा राहिला, आणि तरुण पोरांना आजोबांच्या आठवणींशिवाय आम्ही काही दिले नाही. हे खरे आहे आणि ते आमच्याच पत्रकात छापले गेले पाहिजे.

पण प्रश्न संपला का? महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला आहे. वीस वर्षे उलटून गेली, निकाल नाही. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखाने ठराव केला आहे. मागणीची कसोटी जुनीच आहे : खेडे हा घटक धरा, सलग प्रदेश पाहा, कोणती भाषा बोलणारे जास्त आहेत ते पाहा आणि लोकांची इच्छा विचारा. यात कन्नड शेजाऱ्याशी वैर कुठे आले? ही कसोटी त्याच्या गावालाही तीच. त्याने आपल्या भाषेवर जीव टाकावा, आम्ही आमच्या.

आता शेवटची गोष्ट. मोठ्या मथळ्यांच्या नादात आपण बारीक टाइप वाचायचा राहतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाच घटनेला सातवी दुरुस्ती झाली आणि तिने अनुच्छेद ३५०क आणि ३५०ख घातले. पहिले सांगते, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. दुसरे सांगते, या अल्पसंख्याकांच्या संरक्षणावर देखरेख करायला राष्ट्रपतींनी खास अधिकारी नेमावा. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राने त्याच वर्षी राज्यांना कळवलेले आहे. हे आमचे म्हणणे नाही, दिल्लीचे आहे. दावा लागेल तेव्हा लागेल, पण मराठीतल्या कागदाची मागणी उद्या सकाळी कचेरी उघडल्यावर करता येते. तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पोच ट्रंकेत ठेवा. गोडार्ड प्राध्यापकांसारखे वाद न घालता बाण करीत बसा.

आणि सीमेच्या अलीकडे बसलेल्या मंडळींनी फार मान ताठ करू नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हीही पेढा खाल्ला. मथळा छान होता : मराठी अभिजात झाली! पण त्याच रात्री आपापल्या मोहल्ल्यातली मराठी शाळा उद्या किती पोरांनी उघडणार आहे, हे किती जणांनी पाहिले? बेळगावचा मराठी माणूस पोराला मराठी शाळेत घालायला सरकारशी भांडतो. मुंबई-पुण्यात कोणाशी भांडावे लागत नाही, तरी आपण घालत नाही. तिथेही तोच रोग. "झाली" म्हटले की आपण हात झटकून मोकळे!

तेव्हा वाचकहो, आमचे मागणे एवढेच. यापुढे मथळा वाचाल तेव्हा त्याचे क्रियापद आधी तपासा. "संपला" असेल तर रडू नका, "झाला" असेल तर नाचू नका. कोण म्हणतो, केव्हा म्हणतो, मोजणी पुरी झाली का, एवढे तीन प्रश्न विचारा. शिकागोवाल्यांनी ते विचारले असते तर ट्रुमनना हसायला निमित्त मिळाले नसते. १ मे १९६० ला आम्ही विचारले असते तर बेळगावला आज वाट पाहायला लागली नसती, निदान एकट्याने तरी पाहायला लागली नसती.

आमच्या घोषणेत मुळातच शहाणपण होते. तिने कधी "झाला" म्हटले नाही. तिने म्हटले, झालाच पाहिजे. त्या "पाहिजे"त उद्याचे काम आहे, आणि काम आहे तोवर चळवळ आहे.

शेंगदाणे संपले असतील. आता पुडी उलगडा. आणि हे पत्रक मात्र, कृपा करून, उद्या शेंगदाणेवाल्याला देऊ नका. दिलेतच, तर निदान हे शेवटचे पान वरच्या बाजूला येईल असे बघा.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र!